पालकत्व : उपदेश, सराव आणि मार्गदर्शन

प्रस्तावना :
मूल झाले की पालकत्व आपोआप येते, असा समज आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ आहे. एकत्र कुटुंबात तो कधी तपासावा लागला नाही. आजी, काकू, आत्या यांच्या देखरेखीखाली नवी आई रोजच शिकत असे. जुईनगरसारख्या नोकरदारांच्या वसाहतीत, लोकलने कामावर जाणाऱ्या दांपत्यास ही देखरेख बहुधा लाभत नाही. तिची जागा व्याख्याने, पुस्तके व मोबाईलवरील चित्रफितींनी घेतली आहे. माहिती वाढली, परंतु माहीत असणे आणि ऐन वेळी तसे वागता येणे यांत अंतर आहे. प्रस्तुत लेख या अंतराविषयी आहे.

हट्टाचे चक्र :
समजा, सायंकाळी साडेसातला आई जुईनगर स्थानकावरून घरी पोहोचते. चार वर्षांचा मुलगा मोबाईल मागतो. आई नकार देते. तो रडतो, आवाज चढतो. शेजारी काय म्हणतील, या विचाराने ती मोबाईल देते आणि घर शांत होते. या पाच मिनिटांत दोघेही काही शिकले. जोराने रडल्यास वस्तू मिळते, हे मुलगा शिकला. वस्तू दिल्यास रडणे थांबते, हे आई शिकली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कुटुंबातील या परस्पर सक्तीचे सविस्तर विवेचन केले आहे.

नकारावर ठाम राहावे, हा उपदेश सर्वांना पाठ असतो. अडचण पुढे आहे. पालक ठाम राहू लागताच पहिले काही दिवस रडणे कमी न होता बहुधा वाढते. उपाय फसला, असे समजून पालक चौथ्या दिवशी माघार घेतात. मग अधिक वेळ रडल्यास यश मिळते, हा नवा धडा मुलाच्या पदरी पडतो आणि हट्ट पूर्वीपेक्षा चिवट होतो. ही वाढ अपेक्षितच आहे, आणखी थोडे दिवस थांबा, असे सांगणारे माणूस नेमके त्या चौथ्या दिवशी हवे असते. मार्गदर्शनाचे खरे स्थान येथे आहे, सभागृहात नव्हे.

सराव कशाचा ?
अध्यापक महाविद्यालयांतील सूक्ष्म अध्यापन आपणास परिचित आहे : एकच कौशल्य, थोडा वेळ, निरीक्षकाचा अभिप्राय, पुन्हा पाठ. पालक-प्रशिक्षणाची रीत याहून फार वेगळी नाही. शीला आयबर्ग यांनी विकसित केलेल्या उपचारपद्धतीत पालक आपल्या मुलाशी खेळतात. मार्गदर्शक एकतर्फी काचेआडून पाहतो आणि कानातील यंत्राद्वारे त्याच क्षणी सूचना देतो. सूचना अगदी साध्या असतात. नुसते ‘छान’ न म्हणता ‘ठोकळे जागेवर ठेवलेस, छान केलेस’ असे म्हणावे, मूल शांतपणे खेळत असतानाच त्याची दखल घ्यावी. (आपण बहुधा खोडी केल्यावरच मान वर करतो.) २००८ मध्ये कॅमिन्स्की व सहकाऱ्यांनी ७७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. ज्या कार्यक्रमांत पालकांना प्रशिक्षणाच्या वेळीच स्वतःच्या मुलाबरोबर सराव करावयास लावले होते, त्यांचे परिणाम अधिक चांगले आढळले.

काच आणि यंत्र मात्र अपरिहार्य नाहीत. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षण सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच वस्तीतील अंगणात नेण्यात आली. अंगणात वर्ग भरला की मुलाशी कसे बोलावे, हे घरच्यांच्या डोळ्यांसमोर घडते. १९७५ च्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडी हा शब्द देशभर नेला. पाहून शिकणाऱ्या आईचा विचार त्या मानाने मागे राहिला.

मानसशास्त्र किंवा गृहविज्ञान विभागास हे काम अशक्य नाही. एक सतरंजी, थोडे ठोकळे, सहा-सात पालक आपापल्या मुलांसह, आणि प्रशिक्षित निरीक्षक. घरी रोज पाच मिनिटे सराव, मधल्या आठवड्यात एक दूरध्वनी. मुलाचे बोलणे उशिरा येत असेल किंवा वर्तनात गंभीर अडचण असेल, तर तज्ज्ञाकडेच पाठवावे. सरावगट हा त्याला पर्याय नाही. वेळ ठरविताना लोकलचे वेळापत्रक पाहावे लागेल. सायंकाळी सहाची सभा ठेवली, तर वडील गाडीतच असतील आणि मार्गदर्शन पुन्हा एकट्या आईच्या वाट्याला येईल.