आजारी डिस्कला मज्जाव

लॅपटॉपमधील अंतर्गत सॅटा डिस्क निकामी होऊ लागली, की तिच्यावरील एकही फाइल उघडलेली नसतानासुद्धा लिनक्सचा प्रारंभ रखडतो; कारण कर्नल सुरू होताच प्रत्येक डिस्कची हजेरी घेतो, आणि वाचनाच्या आज्ञेस उत्तर न आल्यास सामान्यतः ३० सेकंदांची मुदत संपेपर्यंत तिष्ठत राहून, जोडणी पूर्ववत करून, पुन्हा तीच विचारणा करतो. डिस्क आरोहित करण्याच्या ‘एफएसटॅब’ या यादीतील तिची नोंद खारीज केल्याने हे टळत नाही, कारण ही हजेरी ती नोंद वाचली जाण्यापूर्वीच झालेली असते.

मज्जाव करावयाचा तो कर्नलमार्फतच. कर्नलच्या ‘डीमेसेज’ या नोंदवहीत त्या डिस्कचा क्रमांक ‘एटीए२’ असा आढळल्यास, ग्रब या प्रारंभकातील कर्नलच्या ओळीअखेर ‘लिबाटा.फोर्स=२:डिसेबल’ हा हुकूम रोमन लिपीत जोडावा. क्रमांक ताडण्यात हयगय झाली तर सुदृढ डिस्कच बाद व्हावयाची. म्हणून प्रथम ग्रबच्या यादीत ‘ई’ कळ दाबून हा बदल एका प्रारंभापुरता करून पाहावा, हे श्रेयस्कर. त्याहीपूर्वी डीडीरेस्क्यू या बचाव-साधनाच्या साहाय्याने डिस्कवरील जितका ऐवज वाचेल तितका अन्यत्र हलवावा, ही कळकळीची विनंती. एनव्हीएमई डिस्कला हा हुकूम लागू पडत नाही.