विश्लेषण : दादासाहेब फाळकेंचे आयुष्य कागदपत्रांतून कसे शोधायचे? ‘राजा हरिश्चंद्र’ ४० मिनिटांचा की तासाभराचा?

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसाठी लागला, हे स्पर्धा परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला पाठ असते. पण हा चित्रपट किती वेळाचा होता, असे इंटरनेटवर विचारले तर कुठे ४० मिनिटे लिहिलेले सापडते, कुठे साधारण तासभर. गंमत म्हणजे दोन्ही उत्तरे एकाच आकड्यातून निघतात. चरित्रकाराला कागदपत्रे नुसती सापडून का भागत नाही, हे समजायला हे उदाहरण पुरेसे आहे.

एका आकड्याची दोन उत्तरे कशी?

तेव्हा चित्रपटाची लांबी मिनिटांत नव्हे, फुटांत मोजत. ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा, सुमारे ३,७०० फुटांचा होता. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी बसतात. बोलपट आल्यावर सेकंदाला २४ चौकटी हा वेग ठरला. त्या हिशेबाने ३,७०० फूट साधारण ४१ मिनिटांत संपतात. मूकपटांच्या काळात मात्र कॅमेरा हाताने फिरवत आणि वेग बराच कमी, सेकंदाला १६ चौकटींच्या आसपास असे. म्हणजे एका सेकंदाला एक फूट, आणि चित्रपट जवळपास ६२ मिनिटांचा. हात फिरवणाऱ्याचा वेग कमी-जास्त होई, त्यामुळे मिनिटांचा पक्का आकडा मिळणार नाही. पण ४० मिनिटे हा आकडा बोलपटाचे माप मूकपटाला लावून आलेला दिसतो.

मग मूळ चित्रपटच मोजता येत नाही का?

नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आज पहिले आणि शेवटचे अशी दोनच रिळे आहेत. तीही १९१३ ची नसून फाळकेंनी १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीची आहेत, असे काही चित्रपट इतिहासकारांचे म्हणणे आहे. संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे फाळकेंच्या निधनानंतर २० वर्षांनी. तोवर नायट्रेट फिल्म सडत होती, पेट घेत होती किंवा तिच्यातील चांदीसाठी विकली जात होती. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात लागलेल्या आगीत उरलेल्या नायट्रेट रिळांचाही मोठा साठा गेला. फाळकेंचा जवळपास पूर्ण म्हणावा असा मूकपट म्हणजे १९१९ चा ‘कालिया मर्दन’. बाकी बहुतेक चित्रपटांचे तुकडे आहेत किंवा नुसती नावे. म्हणून चरित्रकाराला कागदांकडे वळावे लागते.

फाळकेंनी स्वतः काय लिहून ठेवले?

सर्वांत मोलाचा ऐवज म्हणजे १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आलेले त्यांचे ‘भारतीय चित्रपट’ हे लेख. ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ पाहताना पडद्यावर राम-कृष्ण दिसू लागल्याची प्रसिद्ध हकिगत याच लेखांतली. पण हे लेख घटनेनंतर सहा-सात वर्षांनी, स्वदेशी चित्रपटाच्या धंद्याला पाठबळ हवे असताना लिहिलेले आहेत. आठवण आणि आवाहन त्यांत एकत्र आहे, हे वाचताना विसरून चालत नाही.

तारखांचेच बघा. तो चित्रपट त्यांनी पाहिला तो १९१० चा नाताळ, असे अनेक ठिकाणी छापलेले आहे. काही ठिकाणी १९११ चा ईस्टर सांगितला जातो. फरक चार महिन्यांचा, पण फेब्रुवारी १९१२ मध्ये फाळके लंडनला निघाले होते. मधल्या काळात कॅटलॉग मागवणे, रात्रंदिवस चित्रपट पाहणे, डोळ्यांचे दुखणे, विमा पॉलिसी गहाण ठेवून पैसे उभे करणे एवढे सगळे घडले. ते वर्षभरात झाले की दहा महिन्यांच्या आत, यावर माणसाच्या झपाटलेपणाचे चित्र बदलते. अशा वेळी त्या आठवड्यातील वृत्तपत्रांच्या करमणुकीच्या जाहिराती चाळणे हाच मार्ग उरतो. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ आधी झळकल्याचा दावाही मे १९१२ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’तील जाहिरातीवरच उभा आहे.

सरकारी दप्तरात काही मिळते का?

मिळते, पण उशिराचे. सिनेमॅटोग्राफ कायदा १९१८ चा, मुंबईचे सेन्सॉर मंडळ १९२० चे. मंजूर चित्रपटांच्या नोंदी त्यानंतरच्या. म्हणजे फाळकेंची सर्वांत महत्त्वाची सात वर्षे या स्रोताच्या बाहेर राहतात. दुसरा खजिना म्हणजे टी. रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली १९२७-२८ मध्ये नेमलेली इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटी. तिने ३५३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि त्या खंडांत छापल्या. फाळकेंची साक्षही त्यांत आहे. ‘नवयुग’मधले फाळके वाचकाला भारावून टाकतात, इथे मात्र ते धंद्याविषयीच्या नेमक्या प्रश्नांना उत्तरे देतात. दोन्ही शेजारी ठेवून वाचावेत असे आहेत.

कागद कुठे गप्प राहतात?

सरस्वतीबाई फाळकेंच्या बाबतीत. दागिने गहाण टाकणे, कच्च्या फिल्मला भोके पाडणे, कलाकार-कामगारांचा स्वयंपाक हे सगळे त्यांनी केले. घरातल्या कामाचे करारपत्र होत नाही की पगारपत्रक निघत नाही. त्यामुळे त्यांच्याबद्दल जे कळते ते मुख्यतः फाळकेंच्या लिहिण्यातून आणि कुटुंबीयांच्या आठवणींतून.

स्वतः वाचायचे असेल तर?

जया दडकर यांचे ‘दादासाहेब फाळके : काळ आणि कर्तृत्व’ हे पुस्तक आधी वाचावे. सिनेमॅटोग्राफ कमिटीचे खंड डिजिटल स्वरूपात मोफत उपलब्ध आहेत. चित्रपट संग्रहालयाचे ग्रंथालय पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावर आहे. जुन्या मासिकांसाठी मात्र मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी प्रत्यक्ष जावे लागते. जाताना वर्ष आणि महिना लिहून न्यावा. ‘फाळकेंवरचे काहीही द्या’ म्हटले की समोर येतात ती नंतरची पुस्तके, आणि तोच नाताळ १९१०.