कोळसा टर्मिनलची क्षमता वाढते म्हणजे नेमके काय?

मुरगाव बंदरातील कोळसा हाताळणीची क्षमता वाढवण्याचा विषय निघाला की चर्चा बहुधा धक्का आणि क्रेन यांपाशीच थांबते. परंतु क्षमता ही एका यंत्राची नसते. ती संपूर्ण साखळीची असते. भारतीय पोलाद कारखान्यांना कोकिंग कोळसा मोठ्या प्रमाणावर पुरवणाऱ्या ऑस्ट्रेलियात ही साखळी स्पष्ट दिसते.

क्वीन्सलँड राज्यात मॅके शहराच्या दक्षिणेस सुमारे ३८ किलोमीटरवर डॅलरिम्पल बे हे निर्यात टर्मिनल १९८३ पासून कार्यरत आहे. बोवेन खोऱ्यातील खाणींचा कोळसा तेथे रेल्वेने येतो. वाघिणी रिकाम्या झाल्यावर तो सरकत्या पट्ट्यांवरून यार्डात जातो. स्टॅकर त्याचे ढीग रचतो, रिक्लेमर ते उपसतो आणि खोल समुद्रातील धक्क्यावर शिपलोडर तो जहाजात भरतो. यांतील सर्वांत संथ कडी जेवढा माल पुढे ढकलेल, तेवढीच टर्मिनलची खरी क्षमता.

मागणी वाढली तेव्हा या टर्मिनलबाहेर जहाजे नांगर टाकून ताटकळू लागली. टप्प्याटप्प्याने विस्तार होऊन २००९ मध्ये वार्षिक क्षमता ८.५ कोटी टनांवर गेली. पुढे ती सुमारे ९.९ कोटी टनांवर नेण्याची योजना आखली गेली. तरीही प्रत्यक्ष निर्यात या आकड्याइतकी होतेच असे नाही. चक्रीवादळे रेल्वेमार्ग बंद पाडतात. शिवाय निरनिराळ्या प्रतींचा कोळसा एकमेकांत मिसळून चालत नाही. स्वतंत्र ढिगांसाठी यार्डातील जागा अडते.

मुरगावात हीच साखळी उलट्या दिशेने चालते: जहाज, यार्ड, वाघीण आणि मग कुळे ते कॅसलरॉक हा ३७ फुटांत एक फूट चढणारा घाट. म्हणूनच बंदराचा विस्तार आणि रेल्वेचे दुपदरीकरण हे दोन वेगळे प्रश्न राहत नाहीत. घाटातील अभयारण्यातून जाणाऱ्या दुपदरीकरणाला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाने दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. त्यामुळे साखळीची ही कडी अरुंदच राहिली.

कोणत्याही प्रस्तावातील टनांचा आकडा वाचताना, तो माल किती दिवस उघड्यावर पडून राहील, त्याची धूळ कोणत्या वस्तीवर उडेल आणि तो कोणत्या मार्गाने बाहेर जाईल, हे विचारणे आवश्यक ठरते. धक्का रुंदावला आणि घाट तसाच राहिला, तर वाढलेली क्षमता वास्कोच्या यार्डातच ढिगांच्या रूपाने साचेल.