सवलतीची बाटली आणि शरीराची गरज

माझ्या एका ज्येष्ठ स्नेह्यांनी गेल्या महिन्यात मोठ्या समाधानाने जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या दोन बाटल्या माझ्यापुढे ठेवल्या. 900 रुपये छापील किमतीच्या बाटलीवर तशीच दुसरी मोफत, हा सौदा त्यांना इतका किफायतशीर वाटला होता की, बारीक टाइपातला मजकूर वाचण्याचे त्यांच्या मनातही आले नव्हते. चष्मा लावून आम्ही दोघांनी तो वाचला, तेव्हा असे आढळले की, बाटलीत 60 गोळ्या असल्या तरी रोजची मात्रा दोन गोळ्यांची असल्याने ती 30 दिवसच पुरणार, आणि दोन्ही बाटल्यांची मुदत संपण्यास जेमतेम महिनाच उरलेला. दुसरी बाटली उघडण्यापूर्वीच मुदतबाह्य होणार, तेव्हा दिवसाला 30 रुपये हा जो खर्च पडला, तो सवलतीवाचून एकच बाटली घेतली असती तरी तेवढाच पडला असता.

अशा पूरक आहाराची छापील किंमत बहुधा उत्पादकच ठरवीत असल्यामुळे, ती मुळातच फुगवलेली असेल तर तिच्यावरील निम्म्या सवलतीला काही अर्थ राहत नाही. म्हणून टक्केवारी बाजूस ठेवून, आपल्याला हव्या असलेल्या जीवनसत्त्वाचा रोजचा खर्च काढणे हाच रास्त हिशेब होय. त्याबरोबर झाकणाचे सील शाबूत आहे की नाही, आणि भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा 14 अंकी परवाना क्रमांक छापला आहे की नाही, याचीही खातरजमा करावी. उष्णतेने व दमटपणाने क जीवनसत्त्व लवकर नष्ट होते, तेव्हा उन्हात वा ओलीत पडून राहिलेला माल मुदतीत असूनही निकृष्ट ठरू शकतो.

परंतु याहून मूलभूत प्रश्न गरजेचा आहे. प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 व स्त्रीला 65 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व पुरेसे आहे, अशी आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेची 2020 ची शिफारस आहे, आणि बाजारातला एक मध्यम पेरू त्याहून अधिक देतो. गोळीतून हजार मिलिग्रॅम घेतले, तर जास्तीचे बव्हंशी मूत्रावाटे निघून जाते. अ, ड, ई आणि के ही स्निग्ध पदार्थांत विरघळणारी जीवनसत्त्वे मात्र शरीरात साठतात. ड चा अतिरेक झाल्यास रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडांना अपाय होऊ शकतो. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या 29,133 पुरुषांवर झालेल्या आणि 1994 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण घटण्याऐवजी 18 टक्क्यांनी अधिक आढळले, ही गोष्ट ‘घेतल्याने नुकसान तर नाही ना’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी धरावी.

याचा अर्थ पूरक गोळ्या सर्वस्वी निरर्थक आहेत असा नव्हे. गर्भधारणेपूर्वी व आरंभीच्या महिन्यांत फॉलिक आम्ल घेतल्याने बालकाच्या मज्जारज्जूतील जन्मजात दोषांचा धोका कमी होतो, हे सिद्ध झालेले आहे. आणि जे जन्मभर शाकाहारी आहेत व दूधदुभतेही जुजबीच घेतात, त्यांच्यात बी-12 ची उणीव वारंवार आढळते. अशा गरजवंतास निदानानंतर तीच गोळी ताजी आणि सवलतीत मिळाली, तर तो खराखुरा लाभ होय.

माझ्या स्नेह्यांनी पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने रक्त तपासून घेतले, तेव्हा उणीव निघाली ती बी-12 चीच. त्या बाटलीवरील वीसेक घटकांच्या यादीत बी-12 होते, पण अवघे एक मायक्रोग्रॅम, म्हणजे निरोगी माणसाच्या रोजच्या गरजेच्याही निम्म्याहून कमी. आता ते डॉक्टरांनी लिहून दिलेली एकच गोळी घेतात, आणि औषधाच्या दुकानात पट्टी हाती आली की किमतीआधी तारीख आणि मात्रा वाचतात.