लांब पल्ल्याची चाकं

हांगझोऊच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २ ऑक्टोबर २०२३ रोजी पुरुषांची ३,००० मीटर रोलर स्केटिंग रिले झाली. शेवटच्या फेरीत दक्षिण कोरियाचा जुंग चोल-वॉन सगळ्यांच्या पुढे होता. रेषा अगदी समोर आल्यावर त्याने जिंकल्याच्या आनंदात दोन्ही हात वर केले. मागून येणाऱ्या चायनीज तैपेईच्या हुआंग यू-लिनने तेवढ्यात वाकून पाय पुढे टाकला. तैपेईची वेळ होती ४ मिनिटं ५.६९२ सेकंद आणि कोरियाची ४ मिनिटं ५.७०२ सेकंद. त्या वेगाला सेकंदाचा शंभरावा भाग म्हणजे साधारण बारा सेंटिमीटर, अर्धी वीतच म्हणा ना. हा व्हिडिओ जगभर फिरला. सुवर्णपदक मिळवणाऱ्या कोरियन खेळाडूला सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळते, तीही जुंगच्या हातून गेली.

तिसऱ्या आलेल्या संघाबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही. तो आपला संघ होता. वेळ ४ मिनिटं १०.१२८ सेकंद, पदक कांस्य. आर्यनपाल सिंग घुमन, आनंदकुमार वेलकुमार, सिद्धांत राहुल कांबळे आणि पुण्याचा विक्रम राजेंद्र इंगळे. त्याच दिवशी आपल्या मुलींनीही त्यांच्या रिलेत कांस्य जिंकलं. माझ्या दुकानात त्या चौघांचा फोटो लावलेला आहे. गिऱ्हाईक विचारतं, हे कोण? मग पंक्चर निघेपर्यंत मी त्याला सगळं सांगत बसतो. तेच इथे लिहितो आहे.

वडखळ नाक्याजवळ माझं टायरचं दुकान आहे आणि माझा धाकटा मुलगा स्केटिंग करतो, इतकीच या विषयातली माझी लायकी. पण चाक, रबर, बेअरिंग आणि रस्ता या चार गोष्टी मला कळतात, आणि हा खेळ त्या चार गोष्टींचाच आहे.

लांब पल्ल्याचं स्केटिंग दोन प्रकारचं. एक बर्फावरचं, दुसरं चाकांवरचं. बर्फाचा ट्रॅक ४०० मीटरचा असतो. दोघेच जण आपापल्या लेनमधून सुटतात आणि खरी झुंज घड्याळाशी असते. १०,००० मीटर म्हणजे २५ फेऱ्या. स्वीडनच्या निल्स व्हान डर पूलने २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये त्या १२ मिनिटं ३०.७४ सेकंदांत पूर्ण केल्या आणि जागतिक विक्रम केला. भागाकार करून पाहिला, तर एका फेरीला सरासरी तीस सेकंद, म्हणजे ताशी जवळजवळ ४८ किलोमीटर. पेणच्या बाजूने येणारी मोटारसायकल बऱ्याचदा याहून हळू असते. मला त्याची आणखी एक गोष्ट फार आवडते. जिंकल्यावर त्याने आपल्या सरावाचं सगळं वेळापत्रक जगापुढे उघडं केलं. त्यात आठवड्यातले पाच दिवस कष्ट, दोन दिवस पूर्ण विश्रांती आणि महिनोन्‌महिने तासन्‌तास सायकल. हिवाळ्यातल्या शर्यतीचं बळ त्याने उन्हाळ्यात साठवलं होतं.

चाकांवरच्या शर्यतीत सगळे एकदमच सुटतात आणि सगळी गंमत तिथेच सुरू होते. १०,००० मीटरच्या पॉइंट-एलिमिनेशनमध्ये ठरलेल्या फेऱ्यांना रेषा आधी ओलांडणाऱ्या दोघांना दोन आणि एक असे गुण मिळतात, शेवटच्या फेरीला तीन, दोन, एक. त्याच वेळी मधल्या काही फेऱ्यांना जो सगळ्यात मागे असेल तो बाद. पुढे राहिलात तर वारा अंगावर, मागे राहिलात तर गच्छंती. मग शहाणा स्केटर काय करतो? पुढच्याच्या पाठीला चिकटतो. महामार्गावर ट्रेलरच्या मागे लागलेला मोटारसायकलवाला जसा वाऱ्यातून सुटतो, तसाच. एवढ्या वेगाला समोरची हवा हाच सर्वांत मोठा शत्रू असतो, आणि ती दुसऱ्याच्या छातीवर ढकलता आली की पायांत शेवटच्या फेरीसाठी जोर उरतो.

म्हणूनच चेन्नईच्या आनंदकुमारचा २०२५ चा हंगाम मला पुन्हा पुन्हा सांगावासा वाटतो. ऑगस्टमध्ये चेंगदूच्या वर्ल्ड गेम्समध्ये १,००० मीटर स्प्रिंटला कांस्य. सप्टेंबरमध्ये चीनमधल्याच बेइदाइहेच्या जागतिक स्पर्धेत आधी ५०० मीटरला कांस्य, मग १,००० मीटरला १ मिनिट २४.९२४ सेकंदांत सुवर्ण आणि शेवटी ४२ किलोमीटरच्या मॅरेथॉनलाही सुवर्ण. धावण्यात असं होत नाही, शंभर मीटरवाला मॅरेथॉन जिंकत नाही. चाकांवर होतं, कारण मॅरेथॉनचा बराचसा भाग घोळक्यात, वाऱ्याआड, दम राखून जातो आणि निकाल शेवटच्या हजारएक मीटरमध्ये लागतो. ज्याने तोवर सोसलं आणि ज्याच्याकडे स्प्रिंटचे पाय शिल्लक राहिले, तो जिंकला. पट्टीचे स्केटर ही मॅरेथॉन तासाच्या आत संपवतात.

चाकांवरून बर्फावर जाणारेही आहेत. अमेरिकेचा चॅड हेड्रिक चाकांवरचा जगज्जेता. तो बर्फावर गेला आणि २००६ च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरचं सुवर्ण घेऊन आला. बेल्जियमच्या बार्ट स्विंग्जने तसाच प्रवास करत २०२२ मध्ये मास स्टार्टचं, म्हणजे बर्फावरच्या पण सगळे एकदम सुटणाऱ्या शर्यतीचं सुवर्ण जिंकलं. आपल्याकडेही खेलो इंडिया हिवाळी स्पर्धेत लेहला बर्फावरच्या शर्यती होतात. कोकणातल्या पोराने तिथवर का जाऊ नये?

आता चाकाचं सांगतो. लांब शर्यतीच्या स्केटला बहुधा १२५ मिलिमीटरची तीन नाहीतर ११० मिलिमीटरची चार चाकं असतात, पॉलियुरेथेनची. स्केटर पाय मागे मारत नाही, बाजूला रेटतो, त्यामुळे चाकाची आतली कड आधी झिजते. गाडीचे टायर जसे आपण फिरवून लावतो, तशी ही चाकंही उलटवून, जागा बदलून लावावी लागतात. प्रत्येक चाकात दोन बेअरिंगं, बहुतेक ६०८ मापाची, म्हणजे बाहेरून २२ मिलिमीटर, आत ८, रुंदी ७. आमच्या नाक्यावरची धूळ मैद्यासारखी बारीक असते, कारखान्याकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांनी उडवलेली. ती बेअरिंगमध्ये शिरली की चाक कुरकुरतं. दुकान बंद झालं की मुलगा एलन कीने चाकं सोडवतो. मी बेअरिंगचं झाकण सुईने उचकटून त्यातली धूळ धुऊन काढतो, सुकवतो आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब सोडतो. ग्रीस भरलं तर चाक जड फिरतं. मग अंगठा आणि मधल्या बोटात धरून चाकाला टिचकी मारायची आणि कान लावायचा. आवाज सलग आला पाहिजे.

खरी अडचण आहे ती पावसाची आणि जागेची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या खारेपाटात जमीन सुकतच नाही आणि ओल्या फरशीवर हे चाक पकड सोडतं. शाळांच्या स्पर्धा मात्र पावसाळा सरता सरता सुरू होतात. मग तयारी कुठे करायची? दुकानात सनमायकाचा एक लांब तुकडा अंथरलाय, दोन्ही टोकांना लाकडी पट्ट्या ठोकल्यात. मुलगा बुटांवर लोकरी मोजे चढवून, गुडघे वाकवून, पाठ जमिनीला समांतर ठेवून या पट्टीवरून त्या पट्टीवर घसरत राहतो. बाहेर मुसळधार पाऊस, आत त्याचा घाम टपकत असतो. 'बाबा, वेळ लावा,' म्हणतो आणि मी लावतो.

पावसानंतर एका मोकळ्या पटांगणावर सराव होतो. तिथलं वळण सपाट आहे. आंतरराष्ट्रीय ट्रॅक २०० मीटरचा असतो आणि त्याची वळणं बाहेरून उचललेली असतात, घाटातल्या चांगल्या रस्त्यासारखी, म्हणून तिथे पूर्ण वेगात वळता येतं. सपाट वळणावर शिकलेला मुलगा तिथे पहिल्यांदा उतरला की वेग कमी करतो. तो भित्रा नसतो, त्याच्या पायांना ती उंची ठाऊक नसते, एवढंच. शर्यत तिथेच सुटते हातातून. मला याचा मनापासून राग येतो, कारण पोरांच्या मेहनतीत काहीच कमी नसतं.

तसा ट्रॅक बांधायला पैसा लागतो, वेळ लागतो, हे समजतं. पण मॅरेथॉन आणि रोड रेस तर रस्त्यावरच होतात. पनवेल ते महाडच्या पट्ट्यात रहदारी कमी असलेला एखादा गुळगुळीत तुकडा दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी सकाळी सहा ते आठ बंद ठेवला, दोन टोकांना बॅरिकेड लावले आणि एक पोलीस उभा केला, तरी तालुक्यातल्या पोरांना पाठीला लागून स्केटिंग कसं करायचं ते शिकता येईल. वळणावर कुणी घसरला तर लागू नये म्हणून कडेने जुने टायर रचावे लागतील. ते माझ्याकडून. दुकानामागे ढीग पडलाय, टेम्पोही मीच आणीन.