धुराबरोबर जाणारी आंघोळ

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीच्या भोवतालच्या गावांत, नागाव, शिये, टोप, हालोंडी आणि खुद्द पुलाच्या शिरोलीत, स्वयंपाकघरात गॅस आला त्याला बरीच वर्षं झाली. चहा, दूध, आमटी सगळं त्यावरच होतं. तरी कितीतरी घरांच्या परड्यात, न्हाणीच्या भिंतीला टेकून, एक चूल किंवा तांब्याचा बंब अजून आहे. पहिल्या पाळीला जाणाऱ्याचं पाणी तिथं तापतं, मग शाळेच्या पोरांचं, मग म्हाताऱ्यांचं. संध्याकाळी फौंड्रीतून आलेल्या माणसाला मोल्डिंगची काळी माती अंगावरून उतरवायची असते. गार पाण्यानं ती निघत नाही, त्यामुळे चूल दुसऱ्यांदा पेटते.

याला कुणी मागासपणा म्हणत असेल तर त्यानं एकदा हिशेब मांडून बघावा. एका आंघोळीला वीस लिटर पाणी धरू. ते २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला साधारण ०.६ युनिट उष्णता लागते. युनिट म्हणजे विजेच्या बिलावर असतं तेच. गॅसच्या शेगडीवर हे पाणी तापवलं तर वाया जाणारी आच धरून पाऊणशे ग्रॅमच्या वर गॅस जळतो. चार माणसांचं घर असेल तर रोजचे तीनशे ग्रॅम आणि महिन्याचे नऊ किलो होतात. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो. म्हणजे टाकीचा दोनतृतीयांश भाग नुसता आंघोळीला! २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं खेड्यापाड्यांत गॅस पोचवला, पण ही नऊ किलोंची तोंडमिळवणी कुठल्याच योजनेत नव्हती. घरच्या बाईनं ती मनातल्या मनात कधीच करून टाकली आहे, आणि म्हणून पाणी चुलीवर राहिलं. तुरकाट्या, उसाची धसकटं, शेणी, बांधावरच्या बाभळीच्या फांद्या यांना रोख पैसे पडत नाहीत. वेळ आणि कष्ट पडतात, तेही बहुतेक तिचेच.

म्हणून चूल सुधारायची असेल तर ती पाण्यापासून सुधारायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. सुधारित चुलीचा विचार करताना आपण भाताचं पातेलं डोळ्यांसमोर ठेवतो. प्रत्यक्षात या भागात चुलीवर सगळ्यात जास्त वेळ बसलेलं असतं ते पाण्याचं भगुलं.

चांगलं वाळलेलं एक किलो लाकूड जळलं की साडेचार युनिटांच्या आसपास उष्णता निघते. त्या मानानं एका आंघोळीला दीडशे ग्रॅम लाकडाच्या आत भागायला हवं. तीन दगडांच्या किंवा साध्या मातीच्या चुलीवर लागतं मात्र किलोभर, कारण भांड्यात पोचते ती दहा-पंधरा टक्केच आच. उरलेली भांड्याच्या कडेनं वर जाते, तोंडातून बाहेर पडते, चुलीच्या जाड भिंतीत मुरते. लाकूड ओलं असेल तर आणखी वाईट. फांदीतलं पाणी आधी वाफ होऊन उडायला हवं आणि ते काम त्याच जाळातून होतं. कोल्हापूरचा पावसाळा मोठा. आषाढात चुलीचा धूर घर भरून टाकतो याचं कारण मुख्यतः हेच आहे.

ही वाया जाणारी आच धरायची युक्ती आपल्या चुलीत पूर्वीपासून आहे. मुख्य चुलीच्या बाजूला वैल असतो. पुढच्या जाळातून उरलेल्या गरम हवेला आतल्या वाटेनं वैलाकडे नेतात आणि तिथं आमटी मुरत ठेवतात किंवा पाण्याचं भांडं चढवतात. वैलावरचं पाणी उकळत नाही, पण भाकरी होईपर्यंत आंघोळीजोगं होतं. चुलीला जोडलेली पाण्याची टाकी म्हणजे या वैलाचंच पुढचं पाऊल आहे, आणि तसंच ते टाकायला हवं. लोक नेमके इथंच चुकतात.

चुलीला टाकी जोडायची म्हटल्यावर पहिली कल्पना सुचते ती जाळाभोवतीच टाकी करायची. दुहेरी पत्र्याची चूल, दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी. एमआयडीसीतल्या कुठल्याही फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये अशी चूल दिवसभरात वेल्डिंग करून मिळेल. पाणी झटकन तापतं आणि मालक खूष होतो. पण चार दिवसांनी घरातली बाई सांगते, धूर वाढलाय, भाकरीचा तवा तापत नाही. तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे. लाकूड तापलं की त्यातून आधी धुरासारखे वायू निघतात, आणि ते वायू पेटायला सहाशे-सातशे अंशांची धग टिकून राहावी लागते. पत्र्याच्या पलीकडे पाणी असेल तर तो पत्रा शंभर अंशांच्या फारसा वर जाऊच शकत नाही. ज्योत त्या गार भिंतीला टेकली की विझते. न जळलेले वायू काजळी आणि डांबर होऊन बाहेर पडतात. म्हणजे जळण जातंच, वर डोळे आणि छातीही भरते.

जाळाच्या कोठडीला म्हणून गरमच राहू द्यावं. भोवती राख, विटेची भुकटी, तूस मिसळलेली माती असं हलकं, पोकळ भरण घालावं. सरपण खालच्या जाळीवर ठेवावं, म्हणजे हवा खालून मिळते आणि निखारा राखेत गुदमरत नाही. आधी जाळ पूर्ण जळू द्यायचा, मग तव्याला आच द्यायची, आणि पाण्याचा नंबर सगळ्यात शेवटी, वैलाच्या पुढं, धुराडं सुरू होतं तिथं. क्रम एवढाच आहे, आणि तो बिघडला की बाकीचा सगळा खर्च फुकट जातो.

हातात किती येईल? सकाळच्या स्वयंपाकाला दोन किलो जळण गेलं तर नऊ युनिटं जळली. त्यातलं सव्वा-दीड युनिट भांड्यात गेलं. साडेसात उरली. चार आंघोळींना लागतात अडीच युनिटांहूनही कमी. ही सगळी एका दिवसात धुरातून काढता येतील असं नाही, पण निम्मी काढली तरी दोघांच्या आंघोळीला वेगळं जळण लागणार नाही.

तांब्याचा बंब या बाबतीत जवळून बघण्यासारखा आहे. मधोमध उभी नळी, तिच्या बुडाशी जाळी, नळीच्या भोवती पाणी, वर पाणी ओतायचं तोंड, बाजूला तोटी. आच नळीतून वर जाता जाता चारी बाजूंनी पाण्याला मिळत जाते. पेटवताना बंब धुरकट असतो तो वर सांगितलेल्या कारणामुळेच, कारण त्याची भिंत गार असते. पण गरम वायूला पाण्याच्या पोटातून न्यायची त्याची रचना उत्तम आहे. जाळ वेगळ्या, गरम कोठडीत जाळून त्याचा वायू अशा नळीतून नेला तर दोन्हींचं चांगलं तेवढं मिळतं.

तांबंच का, हाही प्रश्न विचारावा. तांबं उष्णता फार चांगली वाहून नेतं, स्टेनलेस स्टील त्याच्या वीस-पंचवीस पट कमी. म्हणून स्टीलची टाकी तापायला तितकीच जास्त वेळ घेते असं वाटेल. तसं होत नाही. अडथळा पत्र्यात जवळजवळ नसतोच, तो धुराच्या बाजूला असतो. गरम वायू पत्र्याला उष्णता देतो ती मुळातच सावकाश, त्यात पत्र्यावर काजळी चढली की आणखी सावकाश. म्हणून महाग धातूपेक्षा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात. धुराला लागणारा पृष्ठभाग मोठा हवा. धुराची वाट अरुंद, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरची हवी, म्हणजे तो पत्र्याला घासत जाईल. आणि काजळी खरवडायला हात जाईल अशी झाकणी हवी. तिसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात, आणि दोन महिन्यांत टाकी निम्म्यानं मंद होते.

पृष्ठभाग वाढवण्यात शिरोलीचा हात कोण धरणार? हवेनं थंड होणाऱ्या इंजिनाच्या सिलिंडरला फिन असतात, मोटरच्या बॉडीलाही असतात. तसलं बिडाचं काम कोल्हापूरच्या फौंड्र्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. तिथं फिन उष्णता बाहेर टाकतात, चुलीच्या टाकीत त्या आत ओढतील. मात्र त्या धुराच्या अंगाला हव्यात. पाण्याच्या अंगाला लावून काही साधत नाही. बिडाचा एक फिनवाला तळ आणि वर साधी स्टीलची टाकी, एवढ्या दोन वस्तूंत हे काम बसतं.

धुरातली आच काढायलाही मर्यादा आहे. धुराडं ओढ घेतं ते आतली हवा गरम, म्हणजे हलकी असल्यामुळे. धूर सव्वाशे-दीडशे अंशांच्या खाली नेला तर ओढ मंदावते, चूल तोंडातून धूर ओकू लागते आणि धुराड्यात डांबराचे ओघळ येतात. पाणी आणखी थोडं तापवायच्या हव्यासानं पुष्कळ चांगल्या चुली अशा बिघडतात.

आता सुरक्षेबद्दल, आणि इथं मी हट्टी आहे. चुलीवरची टाकी बंद कधीही असू नये. एक लिटर पाण्याची वाफ सोळाशे लिटरांहून जास्त जागा मागते. ती मिळाली नाही तर वेल्डिंगचा सांधा जागा करून देतो, आणि त्या वेळी चुलीसमोर कुणीतरी बसलेलं असतं. वर उघडी नळी हवी. तिला कॉक नको, बूच नको. टाकी उंचावर आणि कॉइल चुलीत अशी रचना केली तर गरम पाणी आपोआप वर चढतं, पंप लागत नाही. पण त्यासाठी वर जाणारी नळी सतत चढती हवी, मध्ये कुठे खाली वळली की तिथं हवा अडकते. कोरड्या पडलेल्या तापल्या टाकीत गार पाणी ओतू नये. बोअरचं पाणी जड असेल तर आत क्षार धरतात, तेव्हा वर्षातून एकदा आत हात घालता येईल एवढं झाकण ठेवावं. आणि टाकीला बाहेरून जुनी पोती, तूस, भुसा असं काहीतरी गुंडाळावं. सकाळचं पाणी दुपारी भांडी घासायला मिळतं ते त्यामुळे.

चूल आणि पाणी एकत्र आणायचे प्रयत्न जगभर झाले. स्वीडनच्या गुस्ताफ दालेननं १९२२ साली आगा ही बिडाची चूल काढली. त्याआधी दहा वर्षं एका स्फोटात त्याची दृष्टी गेली होती. चहूबाजूंनी उष्णतारोधक भरण आणि मध्ये एकच जाळ अशी ती रचना. तिच्या पुढच्या नमुन्यांनी घराला गरम पाणीही पुरवलं. नेपाळच्या जुमला भागात धुराड्याच्या लोखंडी चुलीला बाजूनं पाण्याची टाकी लावलेली आहे. आपल्याकडे वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाच्या कामातून धुराड्याची मगन चूल आली. १९८३ ते २००२ या काळात सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून देशभर साडेतीन कोटींच्या आसपास सुधारित चुली बसवल्या गेल्या. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या आरती या संस्थेनं लक्ष्मी चुलीसारखे नमुने खेड्यांत नेले. ऊस तोडल्यावर शेतात राहणाऱ्या पाल्याचा कोळसा करायच्या तिच्या कामाला २००२ साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. ऊसपट्ट्यातल्या आपल्याला हे काम विशेष जवळचं वाटावं.

सरकारच्या त्या राष्ट्रीय कार्यक्रमातल्या कितीतरी चुली पुढे मोडून पडल्या. गवंडीकामातल्या उणिवा होत्या, दुरुस्तीला माणूस नव्हता. पण एक कारण मला जास्त बोलकं वाटतं. पुष्कळ नमुन्यांचं तोंड इतकं बारीक होतं की निखारा पुढं ओढून त्यावर भाकरी शेकताच येत नव्हती. ज्या चुलीवर भाकरी फुगत नाही ती चूल इथली बाई ठेवणार नाही, तिची कार्यक्षमता कागदावर कितीही असो. नव्या चुलीत जाळीच्या पुढं निखाऱ्यासाठी वीतभर ओटा सोडावा, ही पहिली अट.

जळण काय वापरायचं याबद्दल शिरोलीत वेगळी काळजी घ्यावी लागते. कारखान्यांच्या आसपास मोडके पॅलेट आणि खोक्यांच्या फळ्या मिळतात, आणि त्या चुलीत येतात. साधं कोरं लाकूड असेल तर हरकत नाही. रंग दिलेलं लाकूड, प्लायवूड, तेलानं भिजलेलं कॉटन वेस्ट यांतलं काहीही घरच्या चुलीत जाळू नये. त्याचा धूर न्हाणीत पाण्याशी बसलेल्या पोराच्या नाकात जातो.

संध्याकाळी दुसऱ्यांदा पेटणाऱ्या चुलीबद्दल मात्र गावानं विचार करायच्या आधी कारखान्यानं करावा. इंडक्शन फर्नेसवर एक टन बीड वितळवायला साडेपाचशे ते सहाशे युनिट वीज जाते. त्यातला पाचवा हिस्सा तरी कॉइल थंड ठेवणाऱ्या पाण्यात उतरतो आणि कूलिंग टॉवरवरून हवेत सोडून दिला जातो. म्हणजे टनाला शंभरावर युनिटं. आंघोळीचे ०.६ युनिट धरले तर गळती सोडूनही एका टनामागे दीडशे माणसांची आंघोळ होते. कॉइलचं पाणी शुद्ध आणि बंद फेऱ्यातलं असतं, ते थेट अंगावर घ्यायचं नाही. मध्ये एक हीट एक्स्चेंजर आणि बाहेर एक झाकलेली टाकी एवढंच लागतं. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४२व्या कलमानं कामगारांसाठी धुण्याची पुरेशी आणि योग्य सोय ठेवणं मालकावर बंधनकारक केलं होतं. फौंड्रीत योग्य सोय म्हणजे गरम पाणी, असं मी मानतो. माणूस गेटबाहेर स्वच्छ होऊन पडला तर घरची चूल संध्याकाळी पाण्यासाठी पेटवावीच लागणार नाही.

सकाळच्या चुलीसाठी एखाद्या शेडनं नमुना केलाच, तर त्याची परीक्षा लॅबमध्ये न घेता नागाव-शियेतल्या परड्यात घ्यावी. दोन किलो वाळकं जळण तोलून द्यावं, टाकीत चाळीस लिटर पाणी भरावं आणि ज्या बाईची चूल आहे तिनंच रोजच्यासारखा स्वयंपाक करावा. शेवटी तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. भाकरी किती झाल्या, पाणी किती अंशांवर गेलं, आणि धुराबद्दल ती काय म्हणाली.