फोन का गोठतो? ग्राफिक्स ड्रायव्हरमधल्या 'लॉक'चा घोळ समजून घ्या

गेम ऐन रंगात आलेला असताना स्क्रीन गोठते. आपण म्हणतो, फोन तापला. अनेकदा ते खरंही असतं. पण कधी कधी दोष ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतो आणि तसाच दोष हॅकरच्या हाती लागला, तर अख्खा फोन त्याच्या ताब्यात जाऊ शकतो.

ड्रायव्हर म्हणजे काय?

स्क्रीनवरची चित्रं जीपीयू ही चिप तयार करते. अॅप आणि ही चिप यांच्यामधला प्रोग्राम म्हणजे ड्रायव्हर. गेम, व्हिडिओ, कॅमेरा सगळे एकाच वेळी त्याच्याकडे काम घेऊन येतात. त्यात मेमरीतली एकच जागा दोघांना हवी असू शकते.

लॉक कशासाठी?

वडाळा रोड स्टेशन आठवा. पनवेलकडून आणि गोरेगावकडून येणाऱ्या लोकल इथे सीएसएमटीच्या एकाच मार्गावर येतात. एकीला सिग्नल मिळाला की दुसरी थांबते. ड्रायव्हरमध्ये हे काम 'लॉक' करतं. एकाचं काम संपेपर्यंत दुसऱ्याने थांबायचं.

मग चुकतं कुठे?

पहिली चूक म्हणजे डेडलॉक. गेमने 'क' लॉक घेतलं, कॅमेऱ्याने 'ख'. आता गेमला 'ख' हवं आणि कॅमेऱ्याला 'क'. हातातलं कुणीच सोडत नाही. दोघंही अडकतात आणि स्क्रीन गोठते.

दुसरी चूक म्हणजे रेस कंडिशन. इथे लॉक नीट लावलेलंच नसतं. क्वालकॉमच्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये २०२२ साली असाच दोष उघड झाला. त्याचा क्रमांक सीव्हीई-२०२२-२२०५७. दोन कामं एकाच क्षणी ठरावीक गोष्टी बंद करायला गेली, की रिकामी केलेली मेमरी पुन्हा वापरली जायची. याचा फायदा घेऊन साध्या अॅपमधून सॅमसंगच्या झेड फ्लिप ३ फोनचा पूर्ण ताबा घेता येतो, हे गिटहब सिक्युरिटी लॅबच्या संशोधकाने दाखवून दिलं.

आधीच का सापडत नाही?

कारण दोन्ही कामं नेमक्या त्याच क्षणी भिडावी लागतात. शंभर वेळा तपासलं तरी शंभरही वेळा सगळं ठीक दिसू शकतं.

अँड्रॉइड ज्यावर उभं आहे त्या लिनक्समध्ये २००६ पासून 'लॉकडेप' हे साधन आहे. लॉक कोणत्या क्रमाने घेतली जातात यावर ते नजर ठेवतं आणि डेडलॉक प्रत्यक्ष होण्याआधीच इशारा देतं. २०१३ मध्ये खास ग्राफिक्सची गरज ओळखून नवं लॉक आलं. त्याचा नियम सोपा आहे: आधी आलेल्याचा मान आधी, नंतर आलेल्याने हातातली लॉक सोडून मागे सरकायचं.

आपण काय करायचं?

असे दोष आपल्याला दुरुस्त करता येत नाहीत, पण त्यांची दुरुस्ती वेळेवर घेता येते. चिप कंपनीने केलेला बदल फोन कंपनीच्या सिक्युरिटी अपडेटमधून आपल्यापर्यंत येतो. म्हणून 'नंतर आठवण करा' दाबत बसू नका. सेटिंगमध्ये जाऊन शेवटच्या सिक्युरिटी अपडेटची तारीख बघा. सेकंडहँड फोन घेताना तर कॅमेरा आणि बॅटरीच्याही आधी ती विचारा. ज्या फोनचे अपडेट बंद झालेत, त्यात आज सापडलेला दोष उद्याही तसाच राहणार.